करुणाच्या लग्नाची कॅसेट

॥ श्री ॥

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९, जळगाव

धुळ्याहून आज टेम्पोने आलं ते, आणि त्याला लागलं ते:

कॉम्प्युटर, पडदा, कीबोर्ड, माऊस: ५८,०००
व्हिडिओचं कार्ड (पेटीच्या आत बसवून आलं, डोळ्यांना दिसत नाही): ३६,५००
लाइट गेल्यावर चालणारी बॅटरी: ६,२००
टेम्पो: ५५०
हमाली: ४०
टेबल, सुताराकडून: ७८०
नारळ, हार, पेढे: ९४

एक लाख दोन हजार एकशे चौसष्ट. एवढा आकडा माझ्या हातून वहीत पहिल्यांदा पडला. यातून अडतीस हजार वजा, कारण आमचा जुना व्हिडिओ मिक्सर आणि तीनपैकी दोन व्हीसीआर दुकानदाराने बदल्यात घेतले. तोच टेम्पो ते घेऊन परत गेला. हे टेम्पोच्या मागे रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेले. दोरी नीट बांधली की नाही ते बघायला गेले असतील.

नऊ वर्षं यांनी त्या मिक्सरवर लग्नं जोडली. शूटिंग करून आणायचं, नको ते काढायचं, नावं घालायची, गाणी भरायची. आता ते सगळं कॉम्प्युटरवर. चालवणार कोण, तर मी. चालवायला माणूस ठेवला तर महिना तीन हजार मागतो. हे सातवी शिकलेले, मी मॅट्रिक, इंग्रजीत एकावन्न मार्क. "तुला वाचता येतं ना, मग बस," म्हणाले. टेबल पुढच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनशेजारीच लावलं आहे.

मशीनबरोबर इंजिनिअर आले होते, भिकनभाऊ. बोलणं ठाम, चहा बिनसाखरेचा. त्यांनी एका मिनिटाचा नमुना करून दाखवला. मी विचारलं, कोपऱ्यात आपला पद्मालयाचा गणपती बसवता येईल का? त्यांनी कॅमेऱ्यातून फोटो आत घेतला, कोपऱ्यात बसवला, हळूहळू फिरता केला. चारी कडांनी झेंडूची माळसुद्धा घातली. "सुरुवातीला दहा सेकंद ठेवा ताई, पुरे," म्हणाले. तेवढ्यात आत दूध वर आलं, म्हणून मी पळाले.

पहिलं काम वच्छलाबाईंचं. यावलच्या शाळेत बाई आहेत. मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली, एकच मुलगी, करुणा. परवाच्या रविवारी तिचं लग्न झालं. जावई रेल्वेत आहेत, गुवाहाटीकडे बदली झाली. १३ मार्चला शनिवारी दोघं भुसावळहून गाडीत बसणार. "त्याआधी कॅसेट तिच्या हातात पडली पाहिजे," वच्छलाबाई म्हणाल्या. "एवढ्या लांब मी काही उठसूट जाऊ शकत नाही. तिला वाटेल तेव्हा ती आम्हांला बघेल तरी."

यांनी शब्द दिला आहे. महिना हातात आहे. गजानन पार पाडील.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

लग्नाची वीस मिनिटं टेपवरून कॉम्प्युटरमध्ये घेतली. तीन तास एकदम मावत नाहीत, तुकड्यातुकड्याने घ्यायचे. मग नमुन्याप्रमाणे गणपती आणि माळ घातली. देवाला दहा सेकंद आणि माणसांना तीन तास, हे मला पटेना. नवीन यंत्रावरचं पहिलंच काम. मी दोन्ही अगदी शेवटपर्यंत ओढून घेतलं. माऊसने पदरासारखं धरायचं आणि ओढायचं, सोपं आहे.

मग चालवून बघितलं. चित्र अडखळतं. करुणा स्टेजकडे चालत येते ती चालत येतच नाही. इथून नाहीशी होते, तिथे उगवते. जावयाचा हात वर गेलेला दिसतो, मग एकदम हार गळ्यात. मधला घालणारा क्षण गायब. आवाज मात्र आपला पुढे चालू.

यांनी तेवढीच टेप टीव्हीवर लावून पाहिली. तिथे सगळं नीट. "मी असं शूट केलेलं नाही," म्हणाले. मग थोड्या वेळाने परत, "लिला, मी असं शूट केलेलं नाही." मला माहीत आहे. कोण म्हणतंय?

शनिवार, १३ फेब्रुवारी

मशीन बंद करून चालू केलं. तेच. पंखा बंद करून पाहिला. तेच. पेटीवरची टॉवेलची खोळ काढून पाहिली, हवा लागावी म्हणून. तेच.

समोरच्या कमलबाई वाटीभर दही मागायला आल्या आणि तासभर बसल्या. त्या अमळनेरकडच्या, बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "हाई मशीन ते तोतरं शे वं लिलाबाई. इतला पैसा दिधात नि चित्र उड्या मारी ऱ्हायनं."

मी दही दिलं.

संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी मशीनची दृष्ट काढली. हे दारात उभे राहून कॅमेऱ्याची काच पुसत होते. हल्ली दिवसातून तीन-चारदा पुसतात. रस्त्याची धूळ फार येते.

सोमवार, १५ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र, उपास. आज धुळ्याला फोन केला, बावीस रुपये झाले, पण भिकनभाऊ दुपारच्या एसटीने स्वतः आले. त्यांनी त्यांची सीडी काढली, तिच्यातलं घोड्यांचं चित्र मशीनमध्ये घेतलं आणि चालवलं. घोडे पळाले. तेल लावल्यासारखे पळाले. एकही अडखळला नाही.

"ताई, मशीन टकाटक आहे," म्हणाले.

"आमचं लावा ना."

"तुमचं-आमचं काय, मशीन एकच. सवय नाही म्हणून वाटतं तुम्हांला." घड्याळाकडे बघितलं. सहाची एसटी होती. दीडशे रुपये भेटीचे झाले. पुढच्या वेळी तीनशे होतील असं सांगून गेले. काही अडलं तर पोस्टकार्ड टाका म्हणाले.

ते कोपऱ्यावर गेले असतील नसतील तोच मी आमचं लग्न लावलं. अडखळलं. माणसासमोर शहाण्यासारखं वागायचं आणि पाठ वळली की रडायचं, असं लहान लेकरू करतं. एक लाखाचं यंत्र करतं हे ऐकलं नव्हतं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

फोन परवडत नाही. पोस्टकार्ड पंचवीस पैशांत जातं. आजपासून असं ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं, काय झालं, हे एका वेगळ्या वहीत समोरासमोर लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. हिशोब चुकला की मी अशीच एकेक ओळ तपासते.

भिकनभाऊंनी जाताना सांगितलं होतं की मशीनवर आणि मशीनभोवती काय काय चालू असतं ते सगळं लिहून पाठवा. पाठवलं. नक्कल ठेवते:

१. कोपऱ्यातलं घड्याळ. २. व्हायरस पकडणारा प्रोग्राम, सारखा जागा असतो. ३. हात लावला नाही की पडद्यावर मासे फिरतात. ४. बॅटरीची पेटी, अधूनमधून टुक् करते. ५. त्याच बोर्डावर पंखा आणि ट्यूबलाइटची नळी. ६. भिंतीपलीकडे वना आबांची पिठाची गिरणी, सकाळी आठ ते बारा. ७. शिलाई मशीनला मोटर आहे, पण मी दोन्ही एकदम चालवत नाही.

यापेक्षा जास्त काही नाही. बारीकसारीकही सोडलेलं नाही.

सोमवार, २२ फेब्रुवारी

भिकनभाऊंचं कार्ड आज आलं. शिरपूरला कुठल्या कॉलेजात मशीनं बसवत होते म्हणून उशीर. लिहितात: मासे बंद करा. व्हायरसवाला बंद करा. डिस्क डिफ्रॅग करा. गिरणीचा संबंध नाही.

मासे बंद केले. तेच. व्हायरसवाला बंद केला. तेच.

मग डिफ्रॅग. म्हणजे डिस्कमध्ये माल कसाही पसरलेला असतो तो मशीन ओळीने लावतं. पडद्यावर बारीक रंगीत चौकोन येतात आणि एकेक करून जागेवर जातात. सुपातले गहू निवडताना खडा बाजूला, गहू पुढे, तसं. सकाळी नऊला लावलं. मी शेजारी बसून दोन ब्लाउज शिवले, आरती केली, स्वयंपाक केला. दीड वाजता शंभरातले त्र्याऐंशी भाग झाले आणि लाइट गेली. बॅटरी चार मिनिटं टुकटुकली आणि झोपली. सहा हजार दोनशेची बॅटरी, चार मिनिटं.

लाइट आल्यावर पहिल्यापासून.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

डिफ्रॅग आज पुरं झालं. शंभरपैकी शंभर. देवाला साखर ठेवली. मग लग्न लावलं.

तेच.

त्या वेगळ्या वहीत "तेच" हा शब्द मोजला. अठरा वेळा आहे.

बुधवार, २४ फेब्रुवारी

आज आमचं वाजलं. हे सकाळी स्टेशन रोडच्या स्टुडिओत गेले होते, मला न सांगता. आमची टेप त्यांच्या मिक्सरवर करून देतात का विचारायला. नऊ वर्षं ज्यांच्याशी यांनी साधा चहा घेतला नाही, त्यांच्या पायरीवर. त्यांनी सांगितलं, एप्रिलनंतर नाव लावा, लग्नसराई आहे.

घरी येऊन म्हणाले, "परत देऊन टाकू. अठ्ठावीस तारखेपर्यंत दुकानदार घेतो म्हणालाय."

"आणि वच्छलाबाईंची कॅसेट?"

"तशीच टेप देऊ उचलून. तीन तासांची. बघत बसेल पोरगी."

"तीन तासांत पाऊण तास जेवणाच्या पंगती आहेत. तुम्हीच म्हणता, आपण टेप विकत नाही, कॅसेट करून देतो."

"ते मिक्सर होता तेव्हा म्हणत होतो."

"मिक्सर द्यायचं कोणी ठरवलं?"

हे बोलून मी चूक केली. ठरवलं दोघांनी होतं, आणि सगळ्यात जास्त मीच रेटलं होतं. ऑर्डरची वही माझ्याकडे असते. गिऱ्हाइकं विचारायला लागली होती, तुमच्याकडे कॉम्प्युटर मिक्सिंग आहे का, ते मीच यांना वाचून दाखवायचे. हे उठले. कॅमेरा घेऊन बाहेर ओट्यावर बसले आणि काच पुसायला लागले. मशीनसमोर मी बसले की यांना खोलीत थांबवत नाही. माझी फजिती बघवत नसेल.

भिकनभाऊंना दुसरं कार्ड टाकलं. जे केलं ते सगळं लिहिलं. १३ तारीख दोनदा अधोरेखित केली.

रविवार, २८ फेब्रुवारी

आज नीट लिहिणार आहे, कारण मला अजून कळत नाही माझं चुकलं कुठे.

वच्छलाबाई सकाळच्या एसटीने आल्या. हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी केळी. कॅसेट कितपत झाली ते बघायला आल्या होत्या. लपवण्यात अर्थ नव्हता. मी लावून दाखवलं. त्या चष्मा सावरून बघत राहिल्या.

"आमच्या तिसरीतला पोरगा धडा वाचतो तसं चाललंय," म्हणाल्या. "एक शब्द वाचायचा, नाक पुसायचं, मग दुसरा शब्द."

हे हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हे कोपऱ्यात काय फिरतंय?"

"गणपती आहे, बाई. पद्मालयाचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवलाय. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"लिलाताई, आमची पत्रिका आहे का तुमच्याकडे?"

ऑर्डरच्या फायलीत होती, मीच लावलेली. काढून दिली. त्यांनी ती टेबलावर उलगडून माझ्याकडे फिरवली, वर्गात पाटी फिरवतात तशी. वर मधोमध बुद्धाचं चित्र, बाजूला बाबासाहेबांचं.

"यात गणपती दाखवा मला."

"नाही. पण शुभकार्याची सुरुवात म्हणून..."

"तुमच्या देव्हाऱ्याला मी एक अक्षर बोलणार नाही. तुम्ही मनापासून करता ते दिसतं. पण आमच्या घरी तो नाही. छप्पन साली माझे सासरे नागपूरला गेले, शपथ घेऊन आले, ती आम्ही पाळतो. करुणाच्या लग्नात तो आला नव्हता. मग कॅसेटमध्ये कुठून आला?"

आवाज चढवला नाही. चहा पूर्ण घेतला. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "तेरा तारखेला गाडी आहे, बन्सीलालभाऊ. ती नाही चुकायची."

मला राग आला. खोटं कशाला लिहू. माझ्या हातून कोणाचं वाईट झालं नाही, चांगलं म्हणून घातलं, फुकट घातलं. त्या गेल्यावर यांना म्हटलं, "एवढ्याशा कोपऱ्यात काय त्यांचं अडत होतं?"

हे म्हणाले, "लग्न त्यांचं आहे."

आज अठ्ठावीस तारीख. दुकानदाराला फोन करायचा होता, तो यांनी केला नाही. मीही आठवण दिली नाही.

सोमवार, १ मार्च

होळी. पुरणाचा स्वयंपाक. पत्रिका पुन्हा काढून बघितली. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात नाव, पत्ता, तारीख, किती तास शूटिंग, सगळं लिहिलेलं आहे. एवढं सगळं उतरवून घेतलं आणि वरचं चित्र माझ्या नजरेला पडलं नाही. कसं पडलं नाही?

मंगळवार, २ मार्च

धुळवड. गल्लीत रंग, दार लावून बसलो. गणपती काढायला घेतला.

कीबोर्डवर काढून टाकायचं एक बटन आहे. बोट त्यावर नेलं आणि ते खाली जाईना.

"तुम्ही दाबा," मी यांना म्हटलं.

"मी कॅमेरावाला. मशीन तुझं."

"देव दोघांचा आहे."

"म्हणून तर मी दाबत नाही."

शेवटी असं केलं. आधी फोटोची एक प्रत मशीनमध्येच दुसरीकडे ठेवली, त्या जागेला 'देव' नाव दिलं. म्हणजे काढला नाही, हलवला. मग बटन दाबलं. मशीन इंग्रजीत विचारतं, खरंच काढू का? त्याला तरी कशाला विचारायचं होतं.

गणपती गेला. लावून पाहिलं. अडखळणं कमी झालं. मी वहीत लिहिलं: गणपती काढला, अर्धं सुधारलं.

नुसती माळ राहिली होती. देवाशिवाय माळ कोणाला, म्हणून तीही काढली. लावलं.

करुणा चालत आली. दारापासून स्टेजपर्यंत, एकही पाऊल न गाळता. पदर वाऱ्याने उडाला, तो तिने धरला, खोचला, सगळं दिसलं. हे ओट्यावरून आत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. बराच वेळ उभे होते. "हे माझं शूटिंग," म्हणाले.

त्यांना आनंद झाला. मला झाला नाही. देवाला बाहेर काढल्याबरोबर यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं, याचा अर्थ काय लावायचा? दुपारी देव्हाऱ्यासमोर बसले, पण अथर्वशीर्ष मध्येच विसरले. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. कमलबाई रंगाने भरलेलं तोंड घेऊन आल्या, त्यांना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "देवले काढं नि मशीन चालनं? कोणले सांगू नको वं बाई."

बुधवार, ३ मार्च

सकाळी लताबाईंचा ब्लाउज घेतला. जरीचं कापड, खाली अस्तर, मध्ये कॅनव्हास, तीन थर. मशीनवर घातला आणि टाके सुटायला लागले. चार टाके पडायचे, एक गाळायचं, मग पुन्हा चार. असं झालं की आपण मशीनला दोष देत नाही. थर जाड झाले म्हणतो, सुई बदलतो, नाहीतर आधी कच्चे टाके घालून थर एक करून घेतो. माझ्या सासऱ्यांनी मला हे लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकवलं. शिंप्याच्या घरात हे मांजरालाही माहीत असतं.

ब्लाउज तसाच सुईखाली ठेवला आणि शेजारच्या टेबलावर गेले.

पाण्याच्या तांब्याचं चित्र कॅमेऱ्यातून घेतलं. कोपऱ्यात बसवलं, फिरतं केलं, शेवटपर्यंत ओढलं. लग्न लावलं. अडखळलं. एकटी माळ होती तेव्हासारखंच, तितकंच. तांब्या काढला. सुरळीत.

तांब्या काय, देव काय, यंत्राला थर तो थर. गणपतीने काही केलेलं नाही, मीच त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवत ठेवला. देव्हाऱ्यासमोर गेले, अथर्वशीर्ष पुरं म्हटलं, एकदाही अडले नाही.

मग तीन आठवड्यांचा राग आला, तो कोणावर काढायचा कळेना. लताबाईंचा ब्लाउज उसवून परत शिवला. भिकनभाऊंना कार्ड टाकलं.

शनिवार, ६ मार्च

या वेळी उत्तर लवकर आलं. जसंच्या तसं लिहिते:

"ताई, तुम्ही थर घातले आहेत हे तुमच्या आधीच्या एकाही कार्डात नाही. मी पहिल्या दिवशी दहा सेकंद म्हणालो होतो. सगळीकडे घातलं तर आधी रेंडर करावं लागतं, म्हणजे मशीन सगळे थर मिळून एक करून ठेवतं, मग सरळ चालतं. वेळ फार लागतो. हे कळलं असतं तर पंधरा तारखेलाच सांगितलं असतं. माझे दीडशे रुपये फुकट घेतल्यासारखे वाटतात."

नकला काढून पाहिल्या. खरं आहे. घड्याळ आहे, मासे आहेत, वना आबांची गिरणी आहे, नळी आहे. गणपती नाही. देव यादीत लिहायचा असतो हे मला सुचलंच नाही.

आता दिवस सात. हे माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसतात. कुठे कापायचं ते बोटाने दाखवतात, मी कापते. जुन्या मिक्सरवर कापलं की कापलं, आता मागे येता येतं, याचं त्यांना फार कौतुक. पंगतींची पाऊण तासाची सहा मिनिटं केली. "करुणाच्या भिकाजी मामांना दोनदा वाढतात ते ठेव," म्हणाले, "घरच्यांना तेच बघायचं असतं." सुरुवातीला पत्रिकेवरचं चित्र घेतलं, दहा सेकंद. त्यावर नावं घालायची तेवढी रेंडर केली. अठरा मिनिटं लागली. लागू देत.

सोमवार, ८ मार्च

काल हे सावद्याला शूटिंगला गेले होते. मी एकटीने शेवटचा तुकडा घेतला. आज त्याबद्दल वच्छलाबाईंना पत्र लिहिलं. पोस्टकार्ड नाही, आंतरदेशीय आणलं. पोस्टमनने वाचण्यासारखं नाही. नक्कल इथे ठेवते.

श्रीमती वच्छलाबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

कॅसेट झाली आहे, एक तास बावन्न मिनिटांची. चित्र आता अडखळत नाही. कोपऱ्यात काही नाही. तुमची पत्रिका माझ्या फायलीत महिनाभर होती आणि मी ती नीट बघितली नाही, ही चूक माझी. यांची नाही.

एक विचारायचं आहे. लग्नाच्या दिवशी करुणाची गाडी सासरी निघून गेल्यावर यांनी कॅमेरा खांद्यावरून उतरवून खुर्चीवर ठेवला आणि तो बंद करायचा राहून गेला. त्यात तुम्ही आला आहात. चित्र तिरपं आहे, पण स्पष्ट आहे. मांडवात कोणी नाही, खुर्च्या एकात एक घालून झाल्या आहेत. करुणा सासरचे नवे सँडल घालून गेली, तिच्या रोजच्या चपला स्टेजच्या पायरीशी राहिल्या होत्या. तुम्ही खाली बसून त्या उचलल्या, एकमेकींवर आपटून धूळ झाडली, पदराने पुसल्या. मग आपल्या चपला काढून तुम्ही त्या पायांत घातल्या. उभ्या राहिलात. चालला नाहीत. तेवढ्यात कोणी हाक मारली असावी, तुम्ही "आले" म्हणालात आणि त्या काढून पिशवीत ठेवल्या. सगळं मिळून एकोणीस सेकंद आहे.

असं काही आलं की आम्ही नेहमी कापून टाकतो, लग्नाचा भाग नसतो म्हणून. मी कापायला गेले आणि थांबले. तुम्हांला न विचारता मी एक गोष्ट या कॅसेटमध्ये घातली होती. आता न विचारता एक काढायची नाही, आणि न विचारता ठेवायचीही नाही. गुवाहाटीला ती हे एकटी बसून बघेल. तिने बघावं की नाही, हे आईने ठरवायचं. माझ्याशिवाय हे कोणी पाहिलेलं नाही. यांनासुद्धा मी अजून दाखवलेलं नाही.

गुरुवारपर्यंत तुमचं पत्र आलं तर शुक्रवारी सकाळच्या एसटीने हे स्वतः कॅसेट घेऊन यावलला येतील. जास्त काही लिहू नका. ठेवू की काढू, एवढंच उलट टपाली कळवावे.

आपली,
सौ. लिलाबाई बन्सीलाल निकुंभ